दारू मेंदूत नेमकं काय करते? 🧠

बेंगळुरू म्हणजे पबचं शहर. त्याच शहरात होसूर रोडला निम्हान्स आहे, मेंदू आणि मनाच्या आजारांवरची देशातली अग्रगण्य संस्था. तिथल्या मेंदू संग्रहालयात खरे मानवी मेंदू पाहता येतात आणि व्यसनमुक्तीसाठी स्वतंत्र केंद्रही आहे. मेंदू हा माझा आवडता विषय, म्हणून दारू त्यात काय करते ते थोडक्यात:

🔹 मेंदूत 'गाबा' हे रसायन ब्रेकचं काम करतं, 'ग्लुटामेट' ॲक्सिलरेटरचं. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर सोडायला लावते. म्हणून आधी भीड चेपते, मग जीभ जड होते.

🔹 तोल सांभाळणारा लहान मेंदू मंदावला की पाय लटपटतात.

🔹 'रात्रीचं काही आठवतच नाही' म्हणजे विसरणं नव्हे. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाने ती आठवण साठवलेलीच नसते.

🔹 वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत जीवनसत्त्व बी-१ कमी पडतं. त्यातून वेर्निके-कोर्साकॉफ हा आजार होऊ शकतो: गोंधळ, तोल जाणं, नव्या गोष्टी लक्षात न राहणं.

चांगली बातमी अशी की दारूने आक्रसलेला मेंदू ती सोडल्यावर काही प्रमाणात सावरतो.

⚠️ पण रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

मदत हवी असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. घरात कुणाला गरज असेल तर हा नंबर नक्की पोहोचवा.