लाव्हाच्या थरांमधले दात

तेलंगणात विकाराबादजवळ नास्कल नावाचं गाव आहे. तिथे काळ्या बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, थरांमध्ये जुन्या तळ्याच्या गाळाचा एक पातळ पट्टा अडकलेला आहे. या गाळातून निघालेल्या काही दाढांची माहिती जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दाढा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या. पण डायनोसॉरच्या अखेरच्या काळातला, म्हणजे क्रेटेशस कालखंडातला सस्तन प्राणी भारतात प्रथमच सापडला होता. त्याचं नाव ठेवलं गेलं डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी.

यातला हिस्लोपी नागपूरचा. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात नागपूरजवळच्या टाकळीला अशाच गाळातून गोगलगायींचे आणि वनस्पतींचे जीवाश्म जमवले होते. शहरातलं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं.

असे दात शेतात फिरताना डोळ्यांना दिसत नाहीत. पोत्यांनी गाळ आणायचा, तो पाण्यात भिजवून विरघळू द्यायचा, बारीक चाळण्यांमधून धुवायचा आणि चाळणीत उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने निवडायचा. पुष्कळ दिवसांच्या कामानंतर एखादी दाढ हाती लागते. एवढे कष्ट कशासाठी? मोठे प्राणी चाऱ्यापाण्यासाठी दूरदूर भटकतात. उंदराएवढा जीव मात्र आपल्या झुडपाभोवती, तळ्याकाठीच आयुष्य काढतो. म्हणून त्या जागेचं रान कसं होतं, खायला काय होतं, याची साक्ष तो फार नेमकी देतो.

डेक्कनोलेस्टेसच्या दाढांना टोकदार उंचवटे आहेत. किडे चावून खाणाऱ्याच्या दाढा अशाच असतात. पुढे त्याच्या घोट्याची हाडंही मिळाली. त्यांच्या सांध्यांवरून पाऊल फांदीवर वळवता येत असावं, म्हणजे हा प्राणी झाडावर चढणारा होता, असा निष्कर्ष १९९४ मध्ये मांडला गेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा एकसारखा वाहत नव्हता. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी भरत, झाडं उभी राहत, त्यांवर किडे येत आणि किड्यांमागे हे चिमुकले शिकारीही. राखेच्या उजाड प्रदेशाचं जे चित्र आपल्या मनात असतं, ते या घोट्याच्या हाडांपुढे टिकत नाही.

नास्कलला आणि कर्नाटकातल्या गोकाकला दुसऱ्याच घराण्यातला एक प्राणी सापडला: भारतथेरियम. त्याचे दात उंच, खरखरीत अन्नाने झिजले तरी पुरून उरतील असे. पण तेव्हा असं खरखरीत काय उगवत होतं? या प्रश्नावर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याने प्रकाश टाकला. तिथल्या डायनोसॉरच्या दगड झालेल्या विष्ठेत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये ते जाहीर झालं. गवत इतकं जुनं असेल असं तोवर मानलं जात नव्हतं. भारतथेरियमच्या कुळातले प्राणी गवतावर जगत असावेत, ही शक्यता त्याच लेखात मांडली आहे. ती सिद्ध झालेली नाही. उंच दात झिजवायला अन्नाबरोबर पोटात जाणारी मातीही पुरते. याच कुळाचे जीवाश्म मादागास्करमध्ये आणि दक्षिण अमेरिकेतही मिळतात. भारत हा भूखंड आफ्रिकेपासून सुटून उत्तरेकडे निघण्याआधी ज्या गोंडवाना या प्राचीन महाखंडाचा भाग होता, तिथलीच ही मंडळी.