ड्रोनच्या नकाशावर लाल रेघ आली, पण उसातली विहीर त्यात दिसते का?

वडगाव निंबाळकर : रस्ता रुंद होणार, कालव्याचं काम निघणार, नवीन प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली की हल्ली गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी एक फोटो येतो. वरून काढलेलं शिवार, त्यात आपलं घर, बांध, आंब्याचं झाड ओळखू येतं आणि त्यावरून एक लाल रेघ गेलेली असते. लगेच पारावर हिशेब सुरू होतो, कुणाचं गेलं आणि कुणाचं वाचलं. या रेघेमुळं काही जण रात्रभर झोपत नाहीत, तर काही जण मिळायच्या आधीच पैशांची वाटणी करून बसतात. ही रेघ टाकतात कशी आणि तिच्यावर भरवसा किती ठेवायचा, हे समजून घेतलेलं बरं.

ड्रोन शिवारावरून नांगराच्या तासासारखा सरळ रेषेत जातो-येतो आणि शेकडो फोटो काढतो. एका फोटोचा बराचसा भाग पुढच्या फोटोतही येतो. त्यामुळं तीच जागा चार-पाच बाजूंनी दिसते आणि कॉम्प्युटर तिची उंचीही काढतो. सगळे फोटो जुळवून एक सपाट नकाशा आणि चढ-उतार दाखवणारं एक मॉडेल तयार होतं. ड्रोन उडवायच्या आधी जमिनीवर चुन्याच्या किंवा रंगाच्या खुणा करतात आणि रोव्हर नावाच्या यंत्रानं त्या खुणांचे अक्षांश-रेखांश घेतात. या खुणा कमी असल्या किंवा चुकल्या तर फोटो कितीही स्वच्छ दिसला तरी अख्खा नकाशा सरकलेला असू शकतो.

या नकाशावर अभियंत्यानं काढलेला रस्त्याचा किंवा इमारतीचा आराखडा ठेवतात. बटर पेपरवरचं चित्र खालच्या कागदावर ठेवावं तसंच हे काम आहे. मात्र दोन्हीची मोजमापाची पद्धत एकच पाहिजे. आराखडा एका पद्धतीत आणि ड्रोनचा नकाशा दुसऱ्या पद्धतीत असला तर रेघ शेजारच्या गटात जाऊन बसते.

एवढं सगळं बरोबर असलं तरी जमीन कुणाची हे फोटोला कळत नाही. त्यासाठी तिसरा थर लागतो, तो म्हणजे गटांच्या हद्दी. खरी गोम इथंच आहे.

इंग्रजांच्या काळातल्या मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणी आणि आकारणीच्या पद्धतीची घडी आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातच बसली. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी ते काम केलं. पुढं ३३ फुटांच्या साखळीनं गावोगाव मोजण्या होत गेल्या. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, हा हिशेब आजही आपल्या तोंडी आहे. त्या पद्धतीचे बरेच जुने गाव नकाशे एक इंचाला ६६० फूट या मापाचे आहेत. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळपास आठ मीटर भरतो. अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघच चार मीटर रुंद झाली. त्यात कागद वर्षानुवर्षं घडीत राहिलेला, पावसाळ्यात फुगलेला. असा नकाशा स्कॅन करून पाच-दहा सेंटिमीटरपर्यंत अचूक असलेल्या ड्रोनच्या फोटोवर ठेवला तर दिसताना तोही तेवढाच अचूक दिसतो, पण तो तसा नसतो. हद्द चार मीटर सरकली आणि बांधाची लांबी शंभर मीटर असली तर फरक चार गुंठ्यांचा होतो. बागायत भागात चार गुंठे म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही.

दुसरी अडचण आपल्या पिकाची. नीरा डाव्या कालव्याखालच्या या पट्ट्यात ऊस उभा असताना ड्रोनला जमीन दिसतच नाही, दिसतो तो उसाचा शेंडा. आडसाली ऊस तर दीड वर्ष रानात असतो. मॉडेलनं शेंड्यालाच जमीन धरलं तर तिथं दहा-बारा फुटांचा उंचवटा असल्याचा भास होतो. मग जिथं भराव टाकावा लागणार तिथं कॉम्प्युटर खोदाई दाखवतो, आणि पाण्याचा उतार नेमका कुठं आहे तेही चुकतं. म्हणून जाणकार लोक अशा रानात तोडणीनंतर पुन्हा ड्रोन उडवतात, किंवा रोव्हर घेऊन सरीत शिरून उंची घेतात. लेझरचा वापर करणारं यंत्र पिकाच्या फटीतून खाली पोचतं, पण दाट उसात त्यालाही मर्यादा येतात.

चुकीचा उतार ही कागदावरची बाब राहत नाही. रस्त्याचा भराव ओढ्याच्या वाटेत आला आणि तिथं मोरीच ठेवली नाही, तर वरच्या अंगाचं पाणी उसात तुंबतं. आधीच पाझरानं चोपण होत चाललेल्या जमिनीला ते परवडणारं नाही. मॉडेल नीट केलेलं असेल तर उलट हेच काम सोपं होतं. आराखडा त्यावर ठेवला की पाणी कुठं अडेल हे काम सुरू व्हायच्या आधीच दिसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महागात पडणारी. विहिरीपासून किंवा नदीपासून लांबवर आणलेली पाईपलाईन जमिनीखाली असते, ती फोटोत येत नाही. उसाच्या मध्ये बोअर असतो. झाडाखाली झाकलेली विहीर असते. गावठाणातही तसंच आहे, वरून पत्रा दिसतो पण भिंत दिसत नाही. पत्रा भिंतीच्या पुढं दोन फूट आलेला असेल तर घर दोन फूट मोठं वाटतं. म्हणूनच स्वामित्व योजनेत ड्रोन येण्याआधी मालमत्तेच्या हद्दी चुन्यानं आखून घेतात. ही योजना देशात २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. त्याआधी गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरमधल्या सोनोरीत झाला होता. चुना टाकताना जे घरमालक हजर नव्हते, त्यांची हद्द शेजाऱ्यानं सांगितली तशी पडण्याचा धोका असतो.

ड्रोन म्हटलं की लोक बिथरतात त्यालाही कारण आहे. मे २०२५ मध्ये पुरंदर विमानतळाच्या जागेवर ड्रोन सर्वेक्षणाला शेतकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांशी झटापट झाली. तिथला मुद्दा जमीन द्यायची की नाही हाच होता, ड्रोन हे निमित्त. पण ज्या गावात काम होणारच आहे, तिथं ड्रोनला काय दिसलं नाही हे दाखवून देणं शेतकऱ्याच्याच हिताचं असतं.

राष्ट्रीय महामार्गाचं भूसंपादन असेल, जसं पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्गाचं झालं, तर कलम ३-अ ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. व्हॉट्सॲपवरचा फोटो म्हणजे अधिसूचना नव्हे. त्यात गट नंबर आणि क्षेत्र छापलेलं असतं, ते सातबाऱ्याशी ताडून बघा. राज्याच्या इतर प्रकल्पांना कायदा आणि मुदत वेगळी असते, ती नोटिशीतच वाचायची.

त्यानंतर येते संयुक्त मोजणी. भूमी अभिलेखचा भूकरमापक, महसूलची माणसं आणि प्रकल्पाचे लोक रानात येतात. त्या दिवशी घरातलं जाणतं माणूस हजर पाहिजे. पाईपलाईन कुठून कुठं गेली, किती इंची, व्हॉल्व्ह कुठं, हे पायानं चालून दाखवायचं. विहीर, बोअर, फळझाडं, गोठा, शेततळं यांची नोंद झाली का ते वाचूनच सही करायची, राहिलं असेल तर तिथंच लेखी द्यायचं. मोबाईलमध्ये लोकेशन चालू ठेवून काढलेले फोटो जवळ असू द्या, आणि ते ऊस तुटल्यावर काढा, तेव्हाच सगळं उघडं दिसतं.

हद्दीचाच वाद असेल तर बारामतीच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडं मोजणीचा अर्ज करता येतो, तो ऑनलाईनही भरता येतो. रोव्हरनं मोजणी झाली की बांधाच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मिळतात. मग ते आकडे प्रकल्पाच्या नकाशावर टाकून दाखवा, असं अधिकाऱ्यांना सांगता येतं. या मोजणीला वेळ लागतो, म्हणून नोटिशीची वाट न बघता, कुणकुण लागली तेव्हाच अर्ज केलेला बरा.