बदललेल्या गुडघ्यात जंतू शिरले तर

मंडळी, बदललेला गुडघा महिन्याभराने पुन्हा सुजला, जखम पाझरायला लागली, की आपण काय करतो? जयगडहून रत्नागिरी लांब, म्हणून घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेतो. तिथेच चुकतं. जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, गोळीने ते मरत नाहीत. उलट सांध्यातलं पाणी तपासलं, तर जंतू सापडेनासे होतात आणि नेमकं औषध ठरवता येत नाही. लवकर आलात तर सांधा उघडून धुतात, मधलं प्लास्टिक बदलतात. बऱ्याचदा सांधा वाचतो. उशीर झाला तर तो काढून औषध मिसळलेलं सिमेंट बसवायचं, साधारण ६ आठवडे अँटिबायोटिक, मग नवा सांधा. म्हणजे २ मोठी ऑपरेशनं. तेव्हा गोळी नको. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.