परगावी व परदेशी उपचार : लाभ, धोके आणि पूर्वतयारी

जळगाव व धुळे जिल्ह्यांत कुटुंबातील कोणाला गंभीर आजार जडला, की नातेवाइकांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘मुंबईला न्यावे का?’ हाच. ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, अशी कुटुंबे तिकडील उपचारांविषयीही आमच्याकडे विचारणा करतात. या अहवालाच्या निमित्ताने या प्रश्नाचे काहीसे सविस्तर उत्तर द्यावे, असे आम्हास वाटते.

परगावी जाण्याचे लाभ निर्विवाद आहेत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. अशा केंद्रातील दीर्घ अनुभव आणि शल्यचिकित्सा, किरणोपचार व विकृतिशास्त्र या शाखांच्या तज्ज्ञांचा एकत्रित निर्णय जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही. दुर्मिळ कर्करोग, बालकांच्या हृदयातील गुंतागुंतीचे जन्मजात दोष, अवयव प्रत्यारोपण अशा प्रसंगी प्रवासाचा निर्णय लांबणीवर टाकू नये.

मात्र प्रत्येक आजार प्रवास संपेपर्यंत थांबत नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाल्यास ती विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. जळगावहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर आहे. हा मोलाचा काळ वाटेतच संपतो. हृदयविकाराचा झटका, सर्पदंश व अतिरक्तस्राव यांतही प्रथम जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठावे आणि प्रकृती स्थिर झाल्यावरच पुढील विचार करावा.

दुसरा धोका उपचार अर्धवट राहण्याचा. किरणोपचार अनेकदा पाच ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. मुक्काम, भोजन आणि बुडालेली मजुरी यांच्या भाराने शेतकरी वा मजूर कुटुंब खचते व मध्येच गावी परतते. अपुऱ्या उपचाराने आजार पुन्हा बळावतो आणि झालेला खर्चही व्यर्थ जातो.

परदेशी उपचारांत हे धोके अधिक वाढतात. प्रवासी विमा पूर्वीपासून असलेल्या आजारांचा खर्च बहुधा देत नाही. शस्त्रक्रियेनंतर लगेच दीर्घ विमानप्रवास केल्यास पायाच्या शिरांत गुठळी होण्याची भीती असते. जंतुसंसर्गही सीमा ओलांडतो. भारत व पाकिस्तानात उपचार घेऊन ब्रिटनला परतलेल्या काही रुग्णांत अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे ‘एनडीएम-१’ जीवाणू आढळल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले होते. शिवाय घरी परतल्यावर गुंतागुंत उद्भवल्यास शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर जवळ नसतात.

म्हणून निघण्यापूर्वी पुढील तयारी करावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

१. केवळ अहवाल नव्हे, तर क्ष-किरण व स्कॅनच्या फिल्म, तसेच तुकडा-तपासणीच्या काचपट्ट्या व ब्लॉक सोबत घ्यावेत.

२. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संबंधित रुग्णालय व उपचार अंतर्भूत आहेत काय, याची आधी चौकशी करावी. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती प्रथम सुरू झाली, त्या जिल्ह्यांत धुळे होता. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात, हेही ध्यानात ठेवावे.

३. कर्करोगाच्या रुग्णास उपचारार्थ रेल्वेच्या शयनयान वर्गात पूर्ण व सोबत्यास ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुक्कामासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती व दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा येथे विचारणा करावी.

४. परतताना उपचारांचा लेखी गोषवारा, औषधांची मूळ नावे आणि पुढील तपासणीची तारीख घेतल्याविना निघू नये.

मोठ्या शहरातील शस्त्रक्रिया हा उपचाराचा एक टप्पा होय. त्यानंतरची मलमपट्टी, औषधे व तपासण्या येथेच, घराजवळ व्हावयाच्या असतात. यास्तव रुग्णाने जाण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर लगेच आपल्या स्थानिक डॉक्टरांना भेटावे. परतीनंतर रुग्णाची काळजी कोण घेणार, हे जाण्यापूर्वीच ठरलेले असावे. प्रवासाचे सार्थक बव्हंशी त्यावरच अवलंबून असते.