विश्लेषण : जंगलातली राजधानी धुरात का गुदमरते?

बोर्निओच्या वर्षावनात आखून वसवलेले पालांका राया हे इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतान प्रांताचे राजधानीचे शहर. १९५७ मध्ये सुकार्नो यांनी पायाभरणी केली. देशाची राजधानीही इथे आणण्याचा त्यांचा विचार होता, तो बारगळला.

शहराभोवतीची जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षे पाण्यात साचलेल्या अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची. ओली असताना ती सहसा पेटत नाही. सुहार्तो सरकारने १९९६ पासून भातशेतीच्या महाप्रकल्पासाठी इथे हजारो किलोमीटर कालवे खणले. भात फारसा पिकला नाही, पीट मात्र सुकले. आता एल निनोच्या कोरड्या वर्षांत आग जमिनीखालीच धुमसते, वरून पाणी मारून विझत नाही. २०१५ मध्ये शहरात भरदिवसा पिवळा अंधार होता. त्यानंतर कालव्यांवर बंधारे घालून जमीन पुन्हा भिजवण्याच्या कामाला वेग आला.