साभार परत : कथेचे पुनर्लेखन आणि उत्तराची प्रतीक्षा



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, ते सर आम्हांला वरच्या वर्गांत मराठी शिकवीत. विषय कोणता घेणार, असे शाळेने विचारले तेव्हा एखादा भारदस्त विषय घ्यावा असा मोह क्षणभर झाला. परंतु सरांकडून मी जे शिकलो ते भारदस्त नव्हते, उपयोगाचे होते. कथा लिहून झाल्यावर तिचे काय करावयाचे, हे त्यांनी मला शिकविले. कथा कशी सुचते यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ती लिहून झाल्यापासून छापून येईपर्यंत, किंवा परत येईपर्यंत, जो काळ जातो त्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. त्या काळात माझ्या हातून एक चूक घडली. तिच्याविषयीही आज सांगावयाचे आहे.

1978 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मी एक कथा लिहिली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याची बाजाची पेटी विकावयास निघालेली शहापुरातील एक विणकराची बायको, एवढाच तिचा विषय. फुलस्केपची सतरा पाने झाली. ती घेऊन मी सरांच्या घरी गेलो. त्यांनी कागद घेतले, कपाटात ठेवले आणि म्हणाले, "तीन आठवड्यांनी ये." तीन आठवडे मी झोपेतही त्या कपाटाभोवती घिरट्या घालीत होतो. ठरल्या दिवशी गेलो, तर सरांनी कागद जसेच्या तसे माझ्या हाती दिले. "मी वाचले नाही," ते म्हणाले. "आता तूच वाच. इथे बसून, मोठ्याने."

मी वाचू लागलो. पहिल्या दीड पानावर संध्याकाळ होती : उदास छाया, परतणारी पाखरे, रित्या झालेल्या बाजाराचे वर्णन. लिहिताना जे मला काव्यमय वाटले होते, तेच वाचताना लाज वाटू लागली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बाई दुकानाची पायरी चढली आणि म्हणाली, "पेटी विकायची आहे." सरांनी हात वर केला. "कथा इथे सुरू झाली. याच्या आधीचे दीड पान म्हणजे तू पेन चालवून पाहत होतास."

पुनर्लेखनाविषयी मला जे काही कळते त्याचे मूळ या एका प्रसंगात आहे. लिहिण्याच्या भरात लेखकाला स्वतःच्या मनातील कथा दिसत असते, कागदावरील दिसत नाही. मनातील कथेचा थोडा विसर पडल्याशिवाय कागदावरची वाचता येत नाही, म्हणून मधे काही काळ जावा लागतो. तीन आठवडे पुरतात असे नाही. मला स्वतःला आता दोन महिने लागतात. दुसरी गोष्ट मोठ्याने वाचण्याची. डोळा चुकीच्या वाक्यावरून घसरून पुढे जातो, जीभ अडखळते. जेथे श्वास पुरत नाही, तेथे वाक्यात बहुधा दोन वाक्ये कोंबलेली असतात.

त्या कथेचे मी चार खर्डे केले. दीड पान गेले. बाईचे "करुण हास्य" गेले, कारण ती हसते आणि पेटीवरची धूळ पदराने पुसते, एवढे सांगितल्यावर विशेषणाला काम उरत नव्हते. सर्वांत कठीण गेला तो शेवट. दुकानदार भाता ओढून पाहतो, एक पट्टी सूर देत नाही, आणि तेवढ्यावरून तो किंमत पाडतो. त्यापुढे मी एक परिच्छेद लिहिला होता : त्या मुक्या पट्टीत बाईचे उभे आयुष्य कसे सामावले होते, वगैरे. तो परिच्छेद मला फार प्रिय होता. तीन खर्ड्यांत तो राहिला, चौथ्यात काढला. तो काढल्यावर लक्षात आले की, पट्टी वाजत नाही हे बाईला आधीपासून ठाऊक असले पाहिजे, आणि त्यासाठी मधल्या भागात एक ओळ घालावी लागेल. पुनर्लेखन म्हणजे केवळ काटछाट, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. एक जागा मोकळी केली की दुसरीकडची उणीव उघडी पडते, आणि तेथे नवे लिहावे लागते.

आणखी एक दोष सरांनी दाखविला, तो आपल्या या भागातील लेखकांना विशेष लागू आहे. माझी शहापूरची बाई सदाशिव पेठेतील मराठी बोलत होती. घरी, गल्लीत आपण सारे "जाऊलाय", "करूलाय" म्हणणार, आणि कथा लिहावयास बसलो की पात्रांच्या तोंडी क्रमिक पुस्तक घालणार! पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही, ही भीती त्यामागे असते. सरांचे म्हणणे असे की, वाचकाला एक शब्द अडला तर तो पुढे जातो, माणूस खोटा वाटला तर मात्र थांबतो.

आता पाठविण्याविषयी. माझे वडील गावातील एका छापखान्यात कंपोझिटर होते. लग्नपत्रिका, हँडबिले, संस्थांचे वार्षिक अहवाल असे काम असे. हजारो माणसांची नावे त्यांनी उलट्या खिळ्यांत जुळविली. प्रत कशी करावी हे मी त्यांच्याकडून शिकलो. कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, डावीकडे चार बोटे समास सोडावा, प्रत्येक पानावर क्रमांक असावा, खाडाखोड झाली तर पान नव्याने उतरावे, आणि आपल्याजवळ स्थळप्रत ठेवावी. "वाईट अक्षरातला मजकूर जुळवताना माझा लेखकावर राग निघतो," ते म्हणत, "मग संपादकाचा का निघणार नाही?" सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट आणि दोन ओळींचे पत्र : कथा स्वतंत्र आहे, अन्यत्र पाठविलेली नाही. कथेचा आशय पत्रात समजावून सांगू नये. आज पाकिटाची जागा ई-मेलने घेतली आहे, आणि ज्या रजिस्टर पोस्टाच्या पावत्या आम्ही जपून ठेवीत होतो ती स्वतंत्र सेवाही टपाल खात्याने 2025 साली स्पीड पोस्टात विलीन केली. शिस्त मात्र तीच आहे. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असावा, नाहीतर पलीकडच्या संगणकावर जोडाक्षरांचा चुरा होतो. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी. आपल्याकडील बहुतेक नियतकालिके नोकरी-व्यवसाय सांभाळून रात्री हस्तलिखिते वाचणाऱ्या माणसांवर चालतात. त्यांनी कथा निवडून पाने लावली आणि ती दुसरीकडे छापून आली, तर त्या माणसाची रात्र फुकट गेली.

जून महिन्यात मी कथा एका मासिकाकडे पाठविली. वडील स्वतः टपाल कचेरीत गेले आणि एका वहीत त्यांनी नोंद केली : कथेचे नाव, कोठे पाठविली, तारीख. चौथा रकाना उत्तरासाठी रिकामा ठेवला. मग जुलै गेला, ऑगस्ट गेला. वडील रोज संध्याकाळी काही न विचारता टेबलावरच्या टपालाकडे पाहत. दिवाळी अंक आला, त्यात माझी कथा नव्हती.

येथे एक गोष्ट सांगावयास हवी, जी तेव्हा मला ठाऊक नव्हती. 1909 साली 'मनोरंजन'च्या का. र. मित्रांनी दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी नियतकालिकांचे वर्ष दिवाळीभोवती फिरते. आषाढ-श्रावणात दिवाळीचा मजकूर बहुतेक ठरलेला असतो, गणेशोत्सवाच्या सुमारास पाने छपाईला जाऊ लागतात. त्या काळात आलेल्या कथा बाजूला पडून राहतात आणि दिवाळीनंतर वाचल्या जातात. पाच महिन्यांच्या मौनाचा अर्थ नकार असा मुळीच नव्हता. कदाचित माझे पाकीट त्या दिवसांत उघडलेही गेले नसेल.

मी मात्र रागावलो होतो. आपण सीमेपलीकडचे, म्हणून आपल्याला कोणी विचारीत नाही, ही भावना आपल्या भागात सहज रुजते आणि तिला काही आधारही आहे. परंतु कथेच्या बाबतीत तो आधार तपासून घ्यावा. जी. ए. कुलकर्णी बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. धारवाडात इंग्रजी शिकवीत त्यांनी कथा लिहिल्या, 'सत्यकथे'ने त्या छापल्या, आणि 'काजळमाया'ला 1973 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंदिरा संत बेळगावातच होत्या. हे सारे माहीत असूनही मी नोव्हेंबरात संपादकांना एक पत्र लिहिले. आपणांस सीमाभागातील लेखकांची कदर नसल्यास माझी कथा परत करावी, अशा अर्थाचे. सरांना दाखविले नाही. दाखविले असते तर त्यांनी तेही कपाटात ठेवले असते.

दहा दिवसांत कथा परत आली. सोबत संपादकांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी होती. कथा फेब्रुवारीच्या अंकासाठी ठेवली होती, दोन ठिकाणी किरकोळ सूचना करावयाच्या होत्या; परंतु लेखकाची इच्छा मोडणे योग्य नव्हे, म्हणून परत पाठवीत आहे. समासात पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या. दोन्ही अचूक होत्या. ते मासिक कोणते हे सांगत नाही. दोष त्याचा नव्हताच.

घरी मी "परत आली" एवढेच सांगितले. वडिलांनी वहीच्या चौथ्या रकान्यात "साभार परत" असे लिहिले. शरमेने मी ती कथा दोन वर्षे कोठेच पाठविली नाही. 1980 च्या पावसाळ्यात वडील गेले. कथा 1981 साली दुसऱ्या एका नियतकालिकात छापून आली. ती एकदा स्वीकारली गेली होती, हे मी वडिलांना अखेरपर्यंत सांगितले नाही.

त्या पेन्सिलीच्या खुणांमुळे संपादक या माणसाविषयी माझे मत बदलले. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना दीर्घ पत्रे लिहून पुनर्लेखन सुचवीत, आणि पुष्कळ लेखक ते आनंदाने करीत. उलट हा सारा दबदबा जाचक वाटणारेही होते. 1969 साली लघुनियतकालिकांच्या तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, तो काही केवळ पोरखेळ नव्हता. 1982 साली ते मासिक बंद पडले. संपादकाचे किती ऐकावे, याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतले आहे. रेमंड कार्व्हरच्या कथा गॉर्डन लिश या संपादकाने इतक्या छाटल्या की, काही निम्म्याहूनही कमी उरल्या. 1980 साली कार्व्हरने पुस्तक थांबविण्याची विनवणी करणारे पत्र लिहिले, तरी 1981 साली ते निघाले आणि त्यानेच कार्व्हरची कीर्ती झाली. मूळ कथा 'बिगिनर्स' या नावाने 2009 साली, कार्व्हरच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, प्रसिद्ध झाल्या. दोन्ही ताडून वाचाव्यात. मला काही ठिकाणी लिश बरोबर वाटतो, काही ठिकाणी त्याने माणसेच कापून टाकली असे वाटते. सूचना कथेला तिच्या वाटेवर पुढे नेते की तिला दुसऱ्याच कोणाची कथा करते, हे ओळखण्यासाठी चार दिवस जाऊ द्यावेत. पहिल्या दिवशी प्रत्येक सूचना अपमानच वाटते.

राहिली प्रतीक्षा. तिच्यावर उपाय आहे असे मी म्हणणार नाही. चाळीसहून अधिक वर्षे झाली, तरी मला तो सापडलेला नाही. काही सवयी तेवढ्या उपयोगी पडतात. पाठविलेली कथा पुन्हा वाचू नये. प्रत्येक वाचनात एक नवा दोष सापडतो आणि तो आता दुरुस्त करता येत नाही. तीन महिन्यांनंतर, दिवाळीचे दिवस टाळून, एक सभ्य विचारणा करावी, तीही एकदाच. रागाचे पत्र लिहावयाचेच असेल तर लिहावे आणि घरात ठेवावे. कथा पाठविली त्याच आठवड्यात दुसरी सुरू करावी, म्हणजे टपालाकडे लागलेले डोळे थोडे तरी कागदाकडे वळतात. परत आलीच, तर सोबतची चिठ्ठी नीट पाहावी. छापील "साभार परत"चा अर्थ या अंकाला ही कथा नको, एवढाच असतो. तिच्याखाली हाताने लिहिलेली एक ओळ असेल तर ती जपून ठेवावी. वेळ नसलेल्या माणसाने तुमच्यासाठी वेळ काढलेला असतो. आजच्या तरुण मित्रांची स्थिती मला अधिक अवघड वाटते. आम्हांला दिवसातून एकदाच पोस्टमन येई. त्यांच्या खिशातला पोस्टमन मिनिटामिनिटाला येतो, आणि निळ्या खुणा पाहून संपादकाने वाचूनही उत्तर दिले नाही, असे त्यांना वाटत राहते.

वडिलांची ती वही मी अजून वापरतो. त्यांच्या हातची नोंद एकच, बाकीच्या माझ्या. त्या पहिल्या नोंदीपुढचे "साभार परत" मी खोडले नाही. शेजारी 1981 सालच्या अंकाचे नाव तेवढे लिहिले आहे. शेवटची ओळ एका नव्या कथेची आहे. तिला पाठवून अकरा आठवडे झाले, आणि तिच्यापुढचा चौथा रकाना अजून रिकामा आहे.