रिपोर्टवरचे ईआर, पीआर, हर-टू म्हणजे काय?

वस्तीतली आरोग्य बैठक संपली की एखादी ताई मागे थांबते. पिशवीतून फाईल काढते आणि हळूच विचारते, "सिस्टर, पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे आता काही खरं नाही ना?" आम्ही कागद पाहतो. त्यावर 'ईआर पॉझिटिव्ह' लिहिलेले असते. एचआयव्ही, करोना यांच्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. आम्ही तिला सांगतो, "ताई, या कागदावर हा शब्द तुमच्या बाजूचा आहे. आधी बसा, मग समजून घेऊ."

आज तेच सगळ्यांसाठी लिहीत आहोत.

स्तनात गाठ लागली की डॉक्टर सुईने तिचा लहानसा तुकडा काढतात. ही बायोप्सी. पहिला रिपोर्ट सांगतो, कर्करोग आहे की नाही. कर्करोग असेल तर त्याच तुकड्याची आणखी एक तपासणी होते, आयएचसी. त्यात कर्करोगाच्या पेशींवर कोणती प्रथिने आहेत ते रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हा रिपोर्ट काही दिवस उशिरा येतो आणि आपली माणसे तो घ्यायला जातच नाहीत. पण कोणते औषध लागू पडेल आणि रोग पुढे कसा वागण्याची शक्यता आहे, हे ठरवायला हाच कागद लागतो.

ईआर आणि पीआर : बाईच्या शरीरातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके पकडून ठेवणारी ही प्रथिने. ती असतील तर ती गाठ संप्रेरकांवर पोसली जाते. म्हणजेच तिचे खाद्य तोडता येते. १ टक्का किंवा जास्त पेशींवर ईआर दिसले तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात. टक्का जितका जास्त, तितका गोळीचा उपयोग जास्त. टॅमॉक्सिफेन ही रोज घ्यायची साधी गोळी आहे. पाळी गेलेल्या बाईला बहुधा लेट्रोझोलसारखी दुसरी गोळी देतात. ईआर पॉझिटिव्ह बाईने टॅमॉक्सिफेन ५ वर्षे नीट घेतली तर पुढच्या १५ वर्षांत या रोगाने मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. काहींना ती १० वर्षेही घ्यावी लागते.

इथेच आपली चूक होते. आमच्या ओळखीच्या एका ताईने आठ महिन्यांत गोळी सोडली. गाठ काढली, केस परत आले, आणि गोळीने अंगातून वाफा निघत. "एवढ्याशा गोळीने काय होणार," असे घरचेही म्हणाले. गोळी कशासाठी आहे हे तिला कोणी समजावलेच नव्हते. आम्हाला कळले तेव्हा दोन वर्षे गेली होती. तिला घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि गोळी पुन्हा सुरू झाली. ईआर पॉझिटिव्ह रोग पाच-दहा वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून बरे वाटले तरी गोळी चालूच ठेवायची. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. या काळात गरोदरपण टाळा. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेले तर लगेच दाखवा.

हर-टू : हे पेशीला वाढायला लावणारे प्रथिन आहे. १९८७ साली अमेरिकेत डॉ. डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, हर-टूचे जनुक वाढलेल्या बायकांचा रोग लवकर परततो आणि त्या कमी जगतात. तेव्हा ही वाईट खूण होती. पण त्याच प्रथिनावर नेम धरून ट्रास्टुझुमॅब हे औषध तयार झाले आणि १९९८ साली तिथे त्याला मंजुरी मिळाली. आज वेळेवर औषध मिळाले तर अशा अनेक बायका बऱ्या होतात. खूण तीच राहिली, औषधाने तिचा अर्थ बदलला.

रिपोर्टवर हर-टूचे गुण असतात. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ असेल तर निकाल अजून लागलेला नाही. त्यासाठी फिश नावाची पुढची तपासणी लागते. खर्चाच्या भीतीने २+ वर थांबू नका. हर-टूचे औषध हृदयावर परिणाम करू शकते, म्हणून आधी आणि मधूनमधून टू-डी इको करतात.

तिन्ही निगेटिव्ह : याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. आपल्या देशात हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो, तरुण बायकांत विशेष. यावर संप्रेरकाची गोळी चालत नाही आणि रोग वेगाने वाढतो. पण केमोला तो अनेकदा चांगला दाद देतो. परतण्याचा धोका पहिल्या तीन ते पाच वर्षांत जास्त, नंतर तो कमी होत जातो. म्हणून इथे एक आठवडाही घालवू नये.

केआय-६७ : किती टक्के पेशी वाढीच्या मार्गावर आहेत, हे हा आकडा सांगतो. ५ टक्के म्हणजे संथ, ३० टक्क्यांच्या वर म्हणजे वेगवान. मधल्या आकड्यांत प्रयोगशाळेगणिक फरक पडतो, म्हणून त्या एका आकड्यावर झोप उडवू नका.

हा रिपोर्ट म्हणजे कुंडली नव्हे. गाठ केवढी, काखेतल्या गाठींत रोग गेला का, ग्रेड कोणती, हे सगळे एकत्र पाहूनच डॉक्टर अंदाज बांधतात. तो अंदाजही हजारो बायकांच्या अनुभवावरून काढलेला असतो, एका बाईचे नशीब त्यात लिहिलेले नसते. आणखी एक, रक्तातली सीए १५-३ ही तपासणी वेगळी. तिच्यावरून सुरुवातीचा कर्करोग ओळखता येत नाही.

मग आपण काय करायचे?

- बायोप्सीनंतर विचारा : "आयएचसी रिपोर्ट कधी मिळेल?" तो हातात घ्या, झेरॉक्स घरी ठेवा.
- तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो. दुसऱ्या दवाखान्यात जाताना ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या, नाहीतर पुन्हा सुई खावी लागेल.
- डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : ईआर-पीआर किती टक्के? हर-टू किती? माझ्यासाठी कोणते औषध आणि किती वर्षे?
- पैशांअभावी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कोणती तपासणी आणि कोणते औषध योजनेत बसते, ते उपचार सुरू होण्याआधीच त्यांना विचारा.

नवऱ्याने, मुलाने, सासूनेही हे वाचावे. गोळीची आठवण करणारे घरात कोणी असेल तर पाच वर्षे निभतात. हे पान कापून फाईलमध्ये ठेवा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसताना ते हातात असू द्या.